गप्प बसलेल्या माणसाचा शॉट

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या तिसऱ्या अंकात शेवटच्या लांब स्वगतापर्यंत लीला बेणारे जवळजवळ बोलतच नाही. रंगमंचावर आठ माणसं आहेत. सुखात्मे वकिली आवाज लावून बोलतात, काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीतून बोलतात, मिसेस काशीकर मध्येच तोंड घालतात, पोंक्षे, कर्णिक, रोकडे आपापली साक्ष देतात, सामंतही त्यात ओढला जातो. खेळातला खटला खरा होत जातो आणि ज्या बाईबद्दल हे सगळं बोललं जातं ती आरोपीच्या पिंजऱ्यात गप्प असते. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला याची काहीच अडचण नसते. सुखात्म्यांचं वाक्य कानावर पडत असताना तो बेणारेकडे पाहू शकतो, आणि पाहतोच. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकाचा चित्रपट केला. कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी होते आणि बेणारे सुलभा देशपांडे यांनी केली. नाटक पडद्यावर आलं की प्रेक्षकाची ती मोकळी नजर जाते. कुणाकडे पाहायचं हे चौकट ठरवू लागते. अशा वेळी संहिता समोर ठेवून ज्याचं वाक्य त्याचा शॉट असा हिशेब कुणी केला, तर तिसऱ्या अंकात त्या स्वगताआधी सगळ्यांत कमी शॉट बेणारेच्या वाट्याला येतील. अंक तर तिचा आहे. वाक्यं मोजून आखलेलं चित्रीकरण किती चुकीच्या जागी जाऊ शकतं, हे दाखवायला मराठीत याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

प्रसंगातलं प्रत्येक पात्र ‘कव्हर’ झालं पाहिजे, हे चित्रीकरणाच्या शिक्षणात पहिल्या काही दिवसांतच सांगितलं जातं. त्याची रूढ पद्धतही ठरलेली आहे. आधी सगळी माणसं दिसतील असा मास्टर घ्यायचा, पूर्ण प्रसंग त्यात एकदा वाजवून घ्यायचा. मग दोघादोघांचे टू शॉट, खांद्यावरून घेतलेले शॉट आणि शेवटी प्रत्येकाचा सिंगल. एवढं हातात असलं की संकलकाची अडचण होत नाही, असा समज आहे. ही पद्धत वाईट नाही. पण ती शॉट किती आहेत ते सांगते, ते कशासाठी आहेत ते सांगत नाही. माझं म्हणणं असं, की शॉट डिव्हिजन बोलणाऱ्याच्या बाजूने न करता ऐकणाऱ्याच्या बाजूने करावी. बोलणारा चौकटीत नसला तरी त्याचा आवाज असतोच. तो प्रसंगातून कधी हरवत नाही. हरवतो तो ऐकणारा. गप्प माणसाला पडद्यावर अस्तित्व देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवलेली चौकट. म्हणून ‘प्रत्येक पात्र कव्हर झालं का?’ या प्रश्नाचा नेमका अर्थ असा होतो: प्रसंगातली प्रत्येक बातमी कुणाकुणापर्यंत पोचली आणि पोचताना त्याचं काय झालं, हे प्रेक्षकाला कोणत्या शॉटमधून कळणार आहे?

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात दादरला झाली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं काम दादरच्या मेन रोडवर, म्हणजे आज ज्याला त्यांचंच नाव आहे त्या रस्त्यावर केलं. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. इंग्लंडहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा, कच्ची फिल्म महाग, उजेड सूर्याचा. अशा परिस्थितीत कॅमेरा एका जागी ठेवून सगळी माणसं समोर उभी करायची, हा मार्ग सरळ होता. आज पाहायला मिळणाऱ्या रिळांच्या सुरुवातीला हरिश्चंद्र राजपुत्राला धनुर्विद्या शिकवतो, राणी शेजारी आहे, पुढे प्रजाजन येतात आणि हे सगळं एकाच रुंद चौकटीत उलगडतं. राजा बोलतो तेव्हा राणी काय करते, हे वेगळं दाखवावं लागत नाही. ती तिथे आहेच. रविवर्म्याच्या चित्रांची आणि संगीत नाटकांची सवय असलेल्या डोळ्यांना ही मांडणी ओळखीची होती. तिला प्राथमिक म्हणून बाजूला टाकणं मला पटत नाही. एकही पात्र न हरवण्याची हमी त्या चौकटीत होती. तिची मर्यादा दुसरीकडे होती. पंचवीस-तीस फुटांवरून चेहऱ्यावरची बारीक हालचाल दिसत नाही, आणि नजर कुठे ठेवायची हे प्रेक्षकाला सुचवण्याचं साधन दिग्दर्शकाकडे उरत नाही.

कॅमेरा जवळ गेला, तुकडे जोडता येऊ लागले आणि ही मर्यादा सुटली. त्याबरोबर ती हमीही गेली. क्लोजअप एका चेहऱ्याला जेवढं देतो तेवढंच बाकी सगळ्यांकडून काढून घेतो. रशियात लेव कुलेशॉव यांनी केलेल्या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध आहे: अभिनेता मोझ्झुखिनचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्यानंतर, कधी शवपेटीनंतर दाखवला, तर प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. तो फिल्मचा तुकडा आज उरलेला नाही. हकिगत पुदोव्हकिन यांच्यासारख्यांच्या लिखाणातून आपल्यापर्यंत आली आहे. तरी संकलनाच्या टेबलावर बसलेला कुणीही तिच्यातलं तत्त्व रोज पडताळून पाहू शकतो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याचा अर्थ त्याच्या वाक्याने बांधलेला असतो. ऐकणाऱ्याचा चेहरा मोकळा असतो, आणि मागच्या-पुढच्या शॉटचा सगळा अर्थ प्रेक्षक तिथे ओततो. ऐकणाऱ्याचा शॉट म्हणजे ‘वेळ मिळाला तर घेऊ’ अशा रिॲक्शनांच्या यादीतली भर नव्हे. अर्थ तयार होण्याची ती जागा आहे.

आता हे तत्त्व अडचणीच्या जागेत नेऊन पाहू. समजा, शीव कोळीवाड्यातल्या एका जुन्या घरात प्रसंग करायचा आहे. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. एका कोपऱ्यात मोरी, एका भिंतीला माळ्यावर जाणारी लोखंडी शिडी, दार थेट गल्लीत उघडणारं. घर पुनर्विकासाला द्यायचं का, यावर बोलायला माणसं जमली आहेत. घर जिच्या नावावर आहे ती आजी, तिचे दोन मुलगे, थोरली सून, कॉलेजात जाणारी नात, विकासकाचे कागद घेऊन आलेला माणूस आणि दारात टेकून ऐकणारा शेजारी, अशी सात. प्रसंग चार मिनिटांचा. निम्म्याहून जास्त वाक्यं थोरल्याला आणि कागदवाल्याला आहेत, धाकट्याला बरीच, सुनेला आणि नातीला मोजकी, शेजाऱ्याला एक. आजीला एकही नाही. शेवटी ती कागदाची घडी घालून तो परत देते, एवढंच.

रूढ पद्धतीने गेलो तर मास्टर आणि सात सिंगल असे आठ सेटअप होतात. प्रत्येकात पूर्ण प्रसंग, प्रत्येकाचे चार टेक धरले, तर नुसता कॅमेरा चालू असण्याचा वेळ १२८ मिनिटं. सेटअप बदलताना दिवे हलवायचे, रिफ्लेक्टर फिरवायचा, माणसांना पुन्हा जागेवर बसवायचं. त्याला अर्धा तास धरला तर सात बदलांचे साडेतीन तास. म्हणजे काहीही न बिघडता साडेपाच तासांच्या वर, बारा तासांच्या शिफ्टमधला जवळजवळ अर्धा दिवस. दाराची गल्ली एवढा वेळ एकसारखी राहत नाही. सकाळचा उजेड उंबऱ्यावर असतो, दुपारी तो सरकतो. जवळून हार्बरची लोकल जाते, तिचा आवाज अर्ध्या वाक्यात आला की टेक गेला. आणि या सगळ्यात आजीचं काम करणाऱ्या अभिनेत्रीने तेच बोलणं ३२ वेळा ऐकलेलं असतं. तिचा सिंगल यादीत शेवटी असेल, कारण तिला वाक्य नाही, तर ज्या चेहऱ्यावर प्रसंग उभा आहे तो आपण सर्वांत थकलेल्या अवस्थेत टिपतो.

म्हणून कागदावर आधी शॉट न लिहिता एक तक्ता करावा. आडव्या ओळींत सात माणसं, उभ्या रकान्यांत प्रसंगाचे टप्पे. टप्पा म्हणजे वाक्य नव्हे. जिथे कुणाला तरी काही नवं कळतं तो टप्पा. आपल्या प्रसंगात कागद पिशवीतून बाहेर येतो हा पहिला. थोरला बाजू मांडतो हा दुसरा. थोरल्याने आपल्याला न विचारता आधीच शब्द देऊन ठेवलाय, हे धाकट्याला कळतं तो तिसरा. सुनेच्या तोंडून कर्जाचा विषय निघतो तो चौथा, नात आजीला सरळ विचारते तो पाचवा आणि कागद परत जातो तो सहावा. प्रत्येक चौकोनात एवढंच लिहायचं, की या क्षणी हा माणूस काय ऐकतो, त्याला ते आधी ठाऊक होतं का, आणि प्रेक्षकाला त्याचा चेहरा दिसायलाच हवा, की तो तिथे आहे एवढं समजलं तरी चालेल. बेचाळीस चौकोन भरले की बहुतेक ठिकाणी ‘आहे एवढं कळलं तरी चालेल’ असंच निघतं. ‘दिसायलाच हवा’ असे चौकोन दहा-बारा उरतात, आणि त्यांतले बरेच गप्प माणसांचे असतात.

तिसरा टप्पा पाहा. थोरला काय बोलला हे महत्त्वाचं आहे, पण ते कानावर पडणारच आहे. धाकट्याला ते आत्ता कळतंय आणि सुनेला आधीपासून माहीत होतं, हे दिसायला हवं. याला दोन सिंगल लागत नाहीत. धाकटा कॅमेऱ्याच्या जवळ, सून त्याच्या मागे मोरीपाशी. धाकटा मान वर करतो त्याच वेळी ती भांड्याकडे पाहू लागते. एका चौकटीत दोन ऐकणारे आले, दोघांच्या ऐकण्यातला फरक आला, आणि त्यांच्यातलं न बोललेलं अंतरही आलं. वेगवेगळे सिंगल घेतले असते तर हा संबंध संकलनाने जोडावा लागला असता. इथे तो प्रेक्षक स्वतः पाहतो. माणसांना कुठे बसवायचं, कोण कोणाच्या मागे, कोण दाराच्या उजेडात, हे ब्लॉकिंग म्हणजेच कव्हरेजचा अर्धा भाग असतो. फाळक्यांच्या चौकटीतलं शहाणपण इथे परत कामी येतं, फक्त समोरासमोरच्या रांगेऐवजी खोलीत पुढे-मागे.

लहान खोलीत हे का जास्त गरजेचं आहे, ते भिंगाच्या साध्या गणितातून समजतं. सिनेमात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सुपर ३५ आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २५ मिलिमीटर असते. त्यामुळे २५ मिलिमीटरचं भिंग लावलं तर जेवढं अंतर तेवढीच रुंदी चौकटीत येते: नऊ फुटांवर नऊ फूट. ५० चं भिंग त्याच अंतरावर साडेचार फूट दाखवतं. डोकं-खांद्यांचा क्लोजअप हवा, म्हणजे दोन फुटांची रुंदी हवी, तर ८५ चं भिंग घेऊन सात फूट मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, स्टँड आणि कॅमेरामन यांनाच अडीच-तीन फूट लागतात. सात फूट मागे जायचं म्हणजे समोरच्या भिंतीला पाठ लावायची, आणि तिथे बसलेल्या माणसांना उठवायचं. परळच्या राजकमलसारख्या स्टुडिओच्या फ्लोअरवर सेटची भिंत काढून कॅमेरा मागे नेता येतो. खऱ्या घरात भिंत हलत नाही. तेव्हा प्रत्येक सिंगलसाठी समोरची दोन माणसं खोलीबाहेर जातात, आणि अभिनेता ज्याला ऐकायचं त्याच्याऐवजी दिव्याच्या स्टँडकडे बघून ऐकतो. दाराबाहेर उभं राहून आत पाहणारी जागा, शिडीच्या चौथ्या पायरीवरची जागा, मोरीच्या कट्ट्यावरची जागा, अशा तीनच जागा त्या घरात खऱ्या अर्थाने कॅमेऱ्याच्या आहेत. तक्त्यातले ‘दिसायलाच हवा’ चौकोन त्या तीन जागांमध्ये वाटून घ्यायचे.

दुसरी अडचण नजरेची. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ जाते, आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिला तर पडद्यावर दोघं एकमेकांकडे पाहताना दिसतात. सेटवर याला ॲक्सिस म्हणतात. सात माणसांत अशा जोड्या २१ होतात, बारा माणसांत ६६. प्रत्येक रेघ सांभाळत बसलं तर काम होणार नाही आणि एकही सांभाळली नाही तर कोण कोणाला ऐकतंय हे कळणार नाही. उपाय म्हणजे माणसांचे गट करायचे. आजी आणि नात एका टोकाला, थोरला आणि कागदवाला दुसऱ्या टोकाला. या दोन टोकांमधली रेघ मुख्य. धाकटा बाजू बदलतो तेव्हा तो प्रत्यक्ष उठून खोली ओलांडतो, आणि त्याच्याबरोबर कॅमेऱ्यालाही रेघ ओलांडायची मुभा मिळते. सत्यजित राय यांच्या १९७० च्या ‘अरण्येर दिन रात्रि’मध्ये सहा माणसं गोल बसून स्मरणशक्तीचा खेळ खेळतात: प्रत्येकाने आधीची सगळी नावं म्हणून एक नवं जोडायचं. गोल बसलेली माणसं म्हणजे ॲक्सिसच्या दृष्टीने अवघड प्रकार. पण तिथे पाळी हाच क्रम आहे. पाळी कुणाची हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे पाळी नसलेल्या चेहऱ्यांकडे पाहायला जागा मिळते. शर्मिला टागोरांची अपर्णा सौमित्र चॅटर्जींच्या असीमला जाणूनबुजून जिंकू देते, हे खेळापेक्षा त्या चेहऱ्यांवर घडतं.

बारा माणसांचं उदाहरण म्हणजे सिडनी लुमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, ज्यावरून बासू चटर्जींनी पुढे ‘एक रुका हुआ फैसला’ केला. एक खोली, एक टेबल, बारा ज्युरर. लुमेट यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, की चित्रपटाचा पहिला तृतीयांश डोळ्यांच्या पातळीच्या वरून, दुसरा त्या पातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला, आणि भिंगं क्रमाने लांब पल्ल्याची घेत नेली, म्हणजे खोली आवळत गेल्यासारखी वाटावी. मला त्यांच्या आखणीतला दुसरा भाग अधिक शिकवणारा वाटतो. दिवे पुन्हापुन्हा हलवायला पैसे नव्हते, म्हणून एका दिशेच्या उजेडात बसणाऱ्या खुर्च्यांचे शॉट, ते गोष्टीत कुठलेही असोत, एकत्र उरकून मग पुढच्या खुर्चीकडे जायचं. एखादा माणूस आज जे वाक्य ऐकल्यासारखं करतो ते वाक्य समोरचा अभिनेता कित्येक दिवसांनी म्हणणार. हे शक्य झालं कारण आधी दोन आठवडे तालीम झाली होती आणि प्रत्येक क्षणी प्रत्येक ज्युरर कुठवर पोचला आहे, हे ठरलेलं होतं. बारा जणांना कव्हर करण्याचं काम कॅमेरा सुरू होण्याआधीच झालं होतं.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळातला आहे. फिल्म महाग होती तेव्हा काटकसर ठीक. आता मेमरी कार्डावर तासन् तास मावतात, तर सगळ्यांचं सगळं घेऊन ठेवायला काय हरकत आहे? कार्ड स्वस्त झालं हे खरं. माणसाचं लक्ष, दाराचा उजेड आणि शिफ्टचे तास स्वस्त झालेले नाहीत; वरचा साडेपाच तासांचा हिशेब कार्डाच्या किमतीवर अवलंबून नव्हता. शिवाय सगळ्यांचे सिंगल सारख्याच आकाराचे, सारख्याच उंचीवरचे घेतले, की संकलकाकडे भरपूर सामान येतं आणि निवडीचं कारण येत नाही. मग तो बोलणाऱ्यावर कापत जातो, कारण तेवढाच निकष हातात असतो. दुसरा आक्षेप त्याच्याच पाठचा: दोन-तीन कॅमेरे एकदम लावा, मालिकांमध्ये लावतातच. मोकळ्या सेटवर हे उपयोगी आहे, आणि रडण्या-भांडण्यासारख्या पुन्हा न होणाऱ्या क्षणाला तर फारच. दहा फुटी खोलीत मात्र एक कॅमेरा दुसऱ्याच्या चौकटीत येतो, आणि तीन दिशांना चालेल असा उजेड म्हणजे कुठल्याच दिशेला नीट न बसणारा सपाट उजेड. कॅमेरे वाढल्याने ‘कुणाला पाहायचं’ हा निर्णय पुढे ढकलला जातो. तो कधीतरी घ्यावा लागतोच.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो आपल्याच घरातून येतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला, आणि त्यातल्या न्यायालयाच्या प्रसंगांत असं तुकड्या-तुकड्यांचं कव्हरेज जवळपास नाहीच. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर असतो. न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगतात, दोन्ही वकील उभे आहेत, पुढच्या तारखेची वाट पाहणारी माणसं बाकांवर बसली आहेत, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर कॅमेरा धावून जात नाही. तर मग हा सगळा तक्त्याचा खटाटोप कशाला? एक चांगला वाइड पुरत नाही का? पुरतो, पण तो वाइड म्हणजे आखणीतून सुटका नव्हे. जिथे कापायला दुसरा शॉटच नाही तिथे प्रत्येकाची जागा, वेळ आणि ऐकणं त्या एका चौकटीत बरोबर बसावं लागतं. एक माणूस चुकला तर अख्खा टेक बाद होतो. शिवाय ‘कोर्ट’ आपली माणसं न्यायालयाबाहेर कव्हर करतो. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. बचावाचा वकील सुपरमार्केटमधून खरेदी करतो. न्यायाधीश सुट्टीत सहलीला दिसतात. गीतांजली कुलकर्णींची नूतन कोर्टात मोठमोठ्याने कलमं वाचते तेव्हा कॅमेरा दूर असूनही ती आपल्याला जवळून माहीत असते. आणि हे घरचं कव्हरेज सर्वांना सारखं नाही. वीरा साथीदार यांनी केलेले लोकशाहीर नारायण कांबळे सुरुवातीला शिकवणी घेताना, मग मंचावर गाताना दिसतात. वकिलांसारखा घरचा दिवस त्यांना मिळत नाही. हा निर्णय चित्रपटाच्या म्हणण्याचाच भाग आहे. एका प्रसंगात न दिलेली चौकट दुसऱ्या प्रसंगात भरून काढता येते किंवा ठरवून रिकामी ठेवता येते, हे ‘कोर्ट’कडून घेण्यासारखं आहे.

असमान वाटणीचा मुद्दा इथे थोडा वाढवायला हवा, कारण सेटवर त्यावरून मनं दुखावतात. प्रत्येक पात्र कव्हर करणं म्हणजे प्रत्येकाला सारखे क्लोजअप देणं नव्हे. कोळीवाड्यातल्या हळदीचं चित्रीकरण करणारा व्हिडिओवाला मामा कोण, आत्या कोण, करवली कोण हे आधी विचारून घेतो आणि एकही नातलग सुटू देत नाही. त्याचं काम तेच आहे, कारण पुढे घरचे ती फिल्म प्रत्येक चेहरा शोधत पाहणार असतात. गोष्टीतल्या प्रसंगाकडे प्रेक्षक तसा पाहत नाही. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चं नावच माणसं मोजतं: जेलरचे दोन डोळे, सहा कैद्यांचे बारा हात. सहा जण आधी एक जथा म्हणून लक्षात राहतात, आणि त्या जथ्यापुढे एकटा माणूस उभा आहे हा ताण त्यातून येतो. तिथे पहिल्यापासून सहांना सारखे चेहरे वाटून दिले असते तर तो जथाच उरला नसता.

राहिला चौथा आक्षेप: एवढं ठरवून ठेवलं तर अभिनेत्यांकडून अचानक काही येण्याची शक्यता मरते. मरते, जर आखणी हालचालींची असेल तर. सुनेने तिसऱ्या वाक्याला डाव्या हाताने पातेलं उचलायचं, असं लिहून ठेवलं तर तिला श्वास घ्यायला जागा नाही. तक्ता मात्र फक्त एवढंच सांगतो, की या टप्प्याला सुनेचं ऐकणं दिसलं पाहिजे. ते ती कसं ऐकते हे तिचं. ठरलेल्या पातेल्याऐवजी तिने पदराला हात पुसले आणि ते जास्त खरं वाटलं, तर दिग्दर्शकाला लगेच कळतं की चौकोन भरला आणि पुढे जाता येईल. ज्याच्याकडे तक्ता नसतो त्याला तो क्षण मिळाला की नाही हेच कळत नाही, म्हणून तो सुरक्षिततेसाठी आणखी चार टेक घेतो आणि पहिल्या टेकमधलं ते हात पुसणं पाचव्यात सवयीचं होऊन जातं.

आता आपल्या सात माणसांचा दिवस कसा लावावा? सकाळी दाराचा उजेड चांगला असतो आणि कुणी थकलेलं नसतं, म्हणून सुरुवात आजीपासून. शिडीच्या बाजूची जागा, नात तिच्याजवळ चौकटीच्या कडेला, बाकी सगळे कॅमेऱ्याशेजारी बसून पूर्ण प्रसंग खरोखर बोलणार. क्यू द्यायला सहायक नको, तेच अभिनेते हवेत. या शॉटचे टेक लांब आणि अखंड घ्यावेत, कारण सहाही टप्पे इथे ऐकू येऊन तिच्या चेहऱ्यावर उतरायचे आहेत. त्यानंतर त्याच उजेडात धाकटा आणि मागे सून, फक्त तिसरा व चौथा टप्पा. मास्टर तिसऱ्या क्रमाने, दाराबाहेरून, २५ च्या भिंगाने. तोवर सगळ्यांना जागा आणि लय सापडलेली असते, आणि मास्टरमध्ये प्रसंगाची फक्त सुरुवात, धाकट्याचं खोली ओलांडणं आणि शेवट वापरायचा आहे, हे आधी ठरलेलं असल्याने मधल्या एखाद्या अडखळण्यासाठी टेक तोडायची गरज नाही. जेवणानंतर मोरीच्या बाजूने थोरला आणि कागदवाला एका टू शॉटमध्ये. सर्वांत जास्त वाक्यं त्यांची असली तरी शॉट एकच पुरतो, कारण त्यांच्या बोलण्यातला बराचसा भाग आजीच्या आणि धाकट्याच्या चेहऱ्यांवर ऐकवला जाणार आहे. मग कागदाच्या घडीचा जवळचा शॉट, आणि नातीचा प्रश्न विचारतानाचा सिंगल. आठच्या जागी सहा सेटअप, आणि त्यांतले तीन पूर्ण प्रसंगाचे नाहीतच. लोकलच्या आवाजाने एखादं वाक्य गेलंच, तर ते वाक्य त्याच खोलीत नुसतं ध्वनिमुद्रित करून ठेवावं. ऐकणाऱ्याच्या शॉटवर ते सहज बसतं, ओठ जुळवावे लागत नाहीत. शेवटी वेळ उरला तर शेजाऱ्याचा क्लोजअप घ्यावा. नाही उरला, तर त्याचं ते एक वाक्य मास्टरमधल्या दाराच्या चौकटीतून येऊ द्यावं.